बट नंबर

रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत, जिना चढून वर,
फिदाअली शेठचं दुकान. दाराला दोन कुलपं.
परवान्याचं पुस्तक त्यांनी दिव्याखाली धरलं,
आधी फोटो पाहिला, मग मला.
फोटोतली मिशी काळी आहे.

काउंटरवर हिरवी मखमल अंथरून
दोन ठेवल्या शेजारी शेजारी.
एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या,
बारा बोर, सेमी-ऑटोमॅटिक:
चाप ओढला की रिकामं काडतूस उजवीकडे उडतं
आणि पुढचं आपणहून जागेवर येतं.
ही साधी, बासष्ट हजार, काळं प्लास्टिक.
ही भारी, एक लाख अठ्ठावीस, अक्रोडाचा दस्ता,
त्यावर वेलबुट्टी, जणू कुणाच्या लग्नात न्यायची आहे.
"आतला मामला सेम, हवालदारसाहेब,"
शेठ म्हणाले, आणि भारीवरूनच फडकं फिरवत राहिले.

बावीस वर्षं मला कुणी विचारलं नव्हतं
कोणती हवी.
कोतच्या खिडकीत हात घालायचा,
"केदू खैरनार, बट नंबर सत्तेचाळीस", सही,
की रायफल हातात.
तिचा दस्ता माझ्या आधीच्या कुणाच्या गालानं
गुळगुळीत झालेला. तो गाल कुणाचा
ते शेवटपर्यंत कळलं नाही.
जरा डावीकडे मारायची.
मी जरा उजवीकडे धरायचो.
संसार काय वेगळा असतो?
आणि किंमत? ती हरवल्यावरच कळते,
असं सुभेदार सांगायचे, हसत नसत.

जेल रोडच्या बँकेत
स्वतःची बंदूक असलेल्याला चार हजार जास्त.
साधी घेतली तर सोळा महिन्यांत फिटते.
भारी घेतली तर बत्तीस,
आणि बत्तीस महिन्यांनी माझे गुडघे
दारात उभे असतील का,
हे शेठच्या कॅल्क्युलेटरवर नव्हतं.

भारी उचलली.
खांद्यानं तिला ओळखीच्या पाहुण्यासारखं आत घेतलं.
गाल आपोआप लाकडावर टेकला.
खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं,
एकदा तरी कोरा दस्ता असावा,
माझ्याच गालानं झिजवलेला.

साधी उचलली. पुढून हलकी.
काडतूस सरकवायच्या फटीपाशी
नखाला बारीक कुसळ लागलं,
घाईत सुटलेलं, कुण्या शेवटच्या पाळीतलं.
"इथं कानस फिरवायला हवी होती," मी म्हणालो.
शेठनी चष्मा वर केला. बासष्टचे साठ झाले.

मथुरा स्टुलावर बसून होती,
पासबुक पिशवीत, पिशवी मांडीवर.
मिक्सर घेताना तिनं दुकानदाराकडून
तीनदा खोबरं वाटून घेतलं होतं.
इथं तिनं एकच विचारलं:
"यातली कमी वेळा वाजणारी कोणती?"

शेठ हसले.
मला नाही हसता आलं.
सत्तेचाळीस नंबर किती वेळा वाजली
हे मी तिला कधी सांगितलं नाही,
आणि तिनं कधी मोजायला घेतलं नाही.

साधी घेतली.
चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं
दोन संध्याकाळी ते कुसळ घासलं,
गच्चीवर, खाली वर्तमानपत्र पसरून.
उरलेल्या पैशांतून जाड तळव्याचे बूट,
कारण दहा तास उभं राहतात ते पाय,
बंदूक नाही.

डिसेंबरात सकाळी प्लास्टिक
बर्फासारखं गार असतं. लाकूड नसतं.
एवढं मात्र शेठनी सांगितलं नव्हतं.
पेन्शनला आलेली एक म्हातारी
रोज विचारते, "खरी आहे का रे?"
मॅनेजर म्हणतात, "नळी जरा दिसू द्या, खैरनार."
मी दिसू देतो.

दर रविवारी तेल घालतो.
दस्त्याखाली, जिथं कुणी बघत नाही,
पांढऱ्या रंगानं सत्तेचाळीस लिहायला घेतलं होतं.
चार लिहून झाल्यावर थांबलो.
चारच आहे अजून.

संध्याकाळी घरी आल्यावर
मथुरा डबा उघडून बघते,
संपला की नाही ते.
बाकी काही विचारत नाही.